फोतिहाविना गाडी

१२ डिसेंबर, ताश्कंद

मुलाने, इल्होमने, गाडी आणली! पांढरीशुभ्र. अंगणात द्राक्षवेलाखाली उभी करून त्याने किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली. "दादाजान," — आमच्याकडे बापाला असेच हाक मारतात — "फोतिहा द्या." वडीलधाऱ्याने तळवे उघडून दुवा मागितल्याखेरीज नवे वाहन आमच्या फाटकाबाहेर पडत नाही.

मी तळवे उघडले नाहीत. शेजाऱ्याला उपद्रव देणाऱ्याची श्रद्धा अपुरी, हे आयुष्यभर मशिदीत सांगत आलो. शहरावर दाटलेला हा धूर उपद्रव नव्हे तर काय?

"एका गाडीनं आभाळ काळं होतं का?" — चिरंजीव.

"गल्लीत प्रत्येकानं हेच विचारलं. झालं की काळं!"

१५ डिसेंबर

पत्नी सलोमतला घेऊन बसने इस्पितळात. धूर वाढला की हिचा दमा वाढतो. बस गाड्यांच्या गर्दीत अडकलेली. थांब्यावर त्याच गाड्यांचा धूर. हिने रुमालात तोंड खुपसले. गाड्यांनी गुदमरवलेल्या बाईला गाडीचीच बंद काच तारणार — असा हा पेच!

बसमध्ये चढताच दोन विद्यार्थी उठले. "बसा, आजोबा. आजी, तुम्ही पण."

मी म्हटले, "पाहिलंस? गाडीत हे मिळतं?"

श्वास सावरून म्हणाली, "तुम्हाला मान मिळतो. मला नुसती जागा. तीही थांब्यावर जीव टिकला तर!"

शेजारची बाई हसली. मी नाही.

१६ डिसेंबर

आज पठणात चित्त लागले नाही.

२० डिसेंबर

सून नोदिरा चहा ठेवून पाठमोरी होत पुटपुटली — मला ऐकू यावे इतक्याच हळू — "गाडीवर बर्फ साचतंय, आईंच्या छातीत कफ. घरात काय साचतंय? पुण्य!"

इल्होमला म्हटले, "मग ने की आईला. अडवलंय कोणी?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या दुव्याशिवाय? वाटेत काही झालं तर, दादाजान?"

म्हणजे माझे मौन हाच त्या गाडीचा अडसर. ग्रंथ उघडून बसलो. उपद्रव टाळणे श्रेष्ठ. जीव राखणेही श्रेष्ठ. दोहोंस आधार सापडतो. अनोळखी हजारोंचे श्वास एका पारड्यात, आणि पलीकडच्या खोलीतली ती घरघर दुसऱ्या पारड्यात — काटा कुठेच झुकेना.

उद्या निश्चय करीन.

२३ डिसेंबर

उद्या.

२४ डिसेंबर

फाटकाचा आवाज झाला म्हणून खिडकीशी गेलो. सलोमत गाडीपाशी उभी, पायाशी बोचके. डोंगरात बहिणीकडे निघाली होती, वसंतापर्यंत. मला सांगितले नव्हते. तिने स्वतःच तळवे उघडले! या घरात माझ्यावाचून ते कोणी केले नव्हते. इल्होम आणि नोदिरा यांनी दुवा स्वीकारत तोंडावरून हात फिरवले — "आमीन!"

पुढची, वडीलधाऱ्याच्या मानाची जागा रिकामी ठेवून ती मागे बसली. गाडी वळणाआड गेली तेव्हा ध्यानात आले — माझेही हात तोंडावरून फिरले होते.