चाळीस नंबरचं ऑइल

महाड,
मंगळवार, २२ डिसेंबर १९८१

चि. मुरारीस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. थंडी यंदा बरी आहे, सकाळचं धुकं नऊ वाजेपर्यंत सावित्रीवरून हलत नाही. माझे गुडघे होते तसेच आहेत. मुलांना आशीर्वाद.

आता गाडीचं. तू पाठवलेलं गिऱ्हाईक, म्हणजे कापडे गावचे गोमाजी, रविवारी बायकोला घेऊन आले, गाडी पाहिली आणि न घेता परत गेले. त्यांना ती पटली नाही असं समज. एका भावाला एवढं पुरायला हवं, पण तू उलट टपालानं 'का?' विचारशील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या ऑइलबद्दल. पत्रात त्यावर दीड पान आहे. बावीस वर्षं तेल कंपनीत टेबलामागे बसलास म्हणून तुला तो अधिकार आहे, असं तुला वाटतं. तुझे हात ऑइलनं कधी काळे झाले ते मला तारखेनिशी कळव.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तीस नंबरचं ऑइल सांगितलंय. बरोबरच आहे, ते नव्या गाडीसाठी. आपली लँडमास्टर छप्पन सालची. मैलांचा काटा एकदा पुरा फिरून शून्यावर आला आणि आता पुन्हा त्रेचाळीस हजारांवर आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तीस नंबर त्यांच्यातून निसटून वर चढतं, जळतं आणि मागून निळा धूर निघतो. त्याहून जाड पन्नास घातलं तर धूर कमी होतो, पण थंडीच्या सकाळी ते जागचं हलत नाही आणि तोवर इंजिन कोरडंच खडखडतं. म्हणून चाळीस. भर उन्हाळ्यात आंबेनळी घाट चढायचा असेल तर तेवढ्यापुरतं पन्नास. दर रविवारी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहायची, कमी दिसलं तर भर घालायची. हे मला आबांनी शिकवलं, आणि आबा गेल्यावर सहा वर्षं गाडीनं.

तुझं नवं मल्टिग्रेड ऑइल उत्तम असेल. मळ धुऊन काढतं म्हणतोस. पंचवीस वर्षांचा मळ एकदम सुटला तर तो जाऊन जाळीत अडकेल, ऑइल वर चढणार नाही आणि इंजिन जाम होईल. म्हाताऱ्या माणसाला जुलाब देण्याआधी त्याचं वय विचारतात, मुरारी.

पण तुझा शेवटचा परिच्छेद मल्टिग्रेडचा नव्हता. 'गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी सोमाकडून गिअरबॉक्सचं जाड ऑइल इंजिनात घालून घे. आवाज दबतो, धूर दबतो. सगळे हेच करतात.' सगळे हेच करतात, हे वाक्य मी खडकीच्या कॉन्व्हेंटात सिस्टरना एकदाच ऐकवलं होतं. छडीचा वळ आठवडाभर टिकला.

मी ते ऑइल घातलं नाही, असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले.

घातलं.

शनिवारी सोमा मेकॅनिक डबा घेऊन आला. मला म्हणतो, "नीलाबाय, म्हातारीला खोकला झालाय नाय? तिला घोंगडी पांघरू. दोन दिस आवाज नाय यायचा."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिशी ती कापड्यात असंल. खोकंल तिकडं. तुमचा काय संबंद?"

मी, जिची जीभ तुझ्या लग्नात दोन व्याह्यांना पुरून उरली, ती गप्प बसले आणि त्याला डबा रिकामा करू दिला.

रविवारी दहाला ती दोघं आली. गोमाजींनी गाडी चालू करायला लावली, काठीचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग बायकोला हाक मारली, "आयकलंस गो? मांजरावानी घुरघुरतेय!"

बयाबाई पुढं येईना. "मांजर काय खातं ता ठावं हाय. ही काय खाते ता इचारा आदी."

मी हसले. पुरुषाला न सुचलेला नेमका प्रश्न तिनं विचारला होता, आणि मी हसण्यावारी नेला.

तिनं आपल्या घरचा चहा घेतला. दुसरा कप मागून घेतला. आबांच्या वेळी कापड्याची माणसं आपल्याशी अंगणातूनच बोलून जायची, तुला आठवत असेल. ही घरात पाटावर बसली, आणि उठताना कप विसळायला निघाली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. मग तिनं कनवटीची पुडी सोडून बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. सौदा व्हायच्या आधीच. म्हणाली, "सून पोटुशी हाय, सातवा सरला. मायेरी वाईला न्यायचीय. एष्टीचं दनकं नकोत तिला. गुरवारी हिच्यातनंच न्यायची, आंबेनळीनं."

टेलिफोन एक्सचेंजवर तीस वर्षं मी लोकांचे आवाज जोडले. खोटं बोलणारा माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तो मला वायरीतून कळायचा. त्या दिवशी माझाच श्वास मला ऐकू आला.

आणि आणखी एक. थंडीत, चढावर, त्या काकवीसारख्या ऑइलवर गाडी घाटात बसली असती, तर कापड्यात 'टेलिफोनवाल्या बाईनं फसवलं' असं कुणी म्हटलं नसतं. कुणाचं नाव घेऊन बोलले असते, आपल्या सगळ्या वस्तीला काय म्हटलं असतं, हे मी तुला समजावून सांगायला हवं का?

मी म्हटलं, "गोमाजी, ती काठी ठेवा. पट्टी काढून बघा."

पट्टीवरून ऑइलची तार सुटली, ती तुटेना.

"ह्ये काय?"

"आवाज झाकायचं औषध. कालच घातलंय. आता खरा आवाज ऐका."

घमेलं आणलं, या गुडघ्यांनिशी गाडीखाली शिरले, नट सोडला. ते उतरायला अर्धा तास लागला. चाळीस नंबरचं नवं भरलं आणि चावी फिरवली. खडखड, खडखड, आणि निळ्या धुराचा लोट थेट बयाबाईच्या नव्या लुगड्यावर.

गोमाजींनी काठी उचलली. मग म्हणाले, "बैलाचं वय आमी दात बगून सांगतो. तुमी दातच झाकलंत, बाय." पुढं म्हणाले, "पर झाकान काढलंत ते बी तुमीच." आणि चपला घातल्या. माझ्या तोंडावर कुणी इतकं खरं बोलून बरीच वर्षं झाली होती.

फाटकापाशी बयाबाई मागं वळली. म्हणाली, "बाय, गाडी नको आमाला. पर सुनेला तुमीच पोचवा ना. हिची दुकनी तुमाला म्हाईत हायेत."

परवा गुरुवारी मी तिला वाईला नेणार आहे. हळू जाईन, घाटात तीनदा थांबून पट्टी पाहीन, डबा मागच्या सीटखाली ठेवीन. तू काळजीचं पत्र लिहू नकोस, ते मी पोचल्यावरच मिळेल.

आता ते जाड ऑइल का घालू दिलं, ते.

तू लिहिलं होतंस, 'सौदा ठरला की सह्या करायला मी स्वतः येईन, चार दिवस राहीन.' आबांच्या पुण्यानुमोदनाला आलास, जेवलास, संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास, त्यानंतर हे वाक्य पहिल्यांदा आलं. चार दिवस. मी कोपऱ्यातली खाट उन्हात टाकली. तुझ्यासाठी कुरडया तळायचं तेलसुद्धा आणलं. सोमाला निरोप धाडला तो गाडी विकायला नाही. धाकट्या भावाचं तोंड दिसावं म्हणून मी एका पोटुशीला घाटात अडकवायला निघाले होते. लिहिताना लाज वाटते आणि तुझा रागही येतो. दोन्ही एका वेळी वाटण्याची मला सवय नाही.

कागद तुझ्या नावावर आहेत, कारण आबांना मुलगा तू एकच. चालवायची मी, धुवायची मी, तिच्याखाली शिरायचं मी, नाव तुझं. ठेव ते. चावी माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही, तुला नाही, तुझ्या वकिलाला नाही. आणखी गिऱ्हाइकं पाठवायची तर पाठव, प्रत्येकाला पट्टी काढून दाखवीन. तुझ्या मुंबईच्या खोलीत म्हातारपण काढायला मी येणार नाही, तोही विषय इथंच संपला.

तुला यायचं असेल तर सह्यांशिवाय ये. त्यासाठी कारण लागत असेल तर ते तुझं तू शोध. मी एकदा शोधून दिलं, पुन्हा देणार नाही.

वाट पाहते, असं मी लिहिलेलं नाही.

तुझी थोरली बहीण,
नीला