वनिताचा क्लास आता घरीच

२८ सप्टेंबर २००२, शनिवार
मेहुण्यांनी, म्हणजे आनंदरावांनी, पुण्याहून लॅपटॉप आणला. त्यांच्या ऑफिसने मोडीत काढलेला. मोडीत काढलेला म्हणजे बिघडलेला नव्हे, हे बायकोला, म्हणजे मंगलला, दोनदा समजावलं. बॅटरी धरत नाही, वायर लावूनच चालतो. तारीख १९८० सालची दाखवतो. बाकी ठणठणीत. विंझर गावातला पहिला लॅपटॉप आपल्या किराणा दुकानात आला.

संकल्प: वनिताचा कॉम्प्युटर कोर्स घरीच. बारावी झाल्यापासून पोरगी भोरच्या क्लासचं घेऊन बसली आहे. नसरापूरला गाडी बदला, संध्याकाळची परतीची चुकली की मुलगी एकटी स्टँडवर. त्यापेक्षा क्लासच घरी आणायचा. सोपं आहे. कोणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

३० सप्टेंबर, सोमवार
भोरला गेलो. क्लासवाले नजीरभाई ओळखीचे. कोर्सचा प्रोग्रॅम द्यायला तयार, पण तो सीडीवर. आपल्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, इंटरनेटचं तर नावच नको. नजीरभाई म्हणाले, शेठ, पोरीलाच हितं पाठवा की, मशीनला कशाला तकलीफ देताय. हसण्यावारी नेलं. शेवटी त्यांनी प्रोग्रॅमचे तुकडे करून अकरा फ्लॉप्यांत भरून दिले.

येताना एसटीत कंडक्टरला आणि वेल्ह्याच्या दोन मास्तरांना सांगितलं, घरी कॉम्प्युटर क्लास काढतोय. गावात शिरेपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती.

२ ऑक्टोबर, बुधवार
सहा फ्लॉप्या नीट आत गेल्या. सातवी वाचता येत नाही म्हणतो. नजीरभाईंचा निष्काळजीपणा. मी माझ्याकडून पुरेपूर काळजी घेतली होती. ओल लागू नये म्हणून सगळ्या रेडिओवर रचल्या होत्या. वनिता म्हणाली, अण्णा, रेडिओच्या स्पीकरात लोहचुंबक असतं, त्यानं फ्लॉपी पुसली जाते. एवढं कळतं तर क्लासची गरज काय, असं विचारलं.

५ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा भोर. सातवी नव्याने भरून आणली. घरी येऊन लावली आणि वीज गेली. आल्यावर प्रोग्रॅम म्हणतो, पहिलीपासून घाला. पाचव्या फ्लॉपीला वीज परत गेली.

गिऱ्हाईक साखर मागण्याआधी विचारतं, शेठ, कालेज कवा चालू? शेजारच्या रतनबाईंनी तर सुनेचं नाव घालून टाकलं. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दुकान सोडून कुठं पळूनही जाता येत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार
नजीरभाईंची नवी बॅच दसऱ्याला सुरू होते. वनितासाठी त्यांनी एक जागा नवमीपर्यंत धरून ठेवली आहे. हे तिला मीच सांगितलं, आपली तिकडे किती वट आहे ते कळावं म्हणून. चूक झाली.

जेवताना तिने विषय काढला. म्हणाली, ही बॅच गेली की तुम्ही माझं लग्नच ठरवाल अण्णा, मग कसला क्लास आन् कसलं काय. म्हणालो, नवमीच्या सकाळपर्यंत घरचा प्रोग्रॅम चालू झाला नाही तर खुशाल जा. मंगलला साक्षीला धरलं. शब्द दिल्याची चिंता नाही. तोवर होणारच आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार
आज वीज होती. दहा फ्लॉप्या सरळ गेल्या. अकरावी नाही. ती रतनबाईंकडे आहे. सुनेला दाखवायला मीच दिली होती. रतनबाई सुनेला घेऊन पालीला लेकीकडे गेल्या आहेत, दसऱ्याला येणार. खोलीला कुलूप.

कुलूप हलवून पाहिलं. कोणी पाहायच्या आत परत आलो.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी
मुदत आज संपते. आंघोळ करताना युक्ती सुचली. आज हत्यारांची पूजा. तराजू, वजनं, कोयता, पहार मांडतोच, मग लॅपटॉप हे काय आहे? उघडून पाटावर ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. पूजेला बसलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे मुदत आपोआप पुढे गेली. यात माझी लबाडी नाही, रीतच तशी आहे.

वनिताने तराजूला आणि लॅपटॉपला नमस्कार केला. मंगल म्हणाली, देवाला बी कामाला लावलं व्हय तुमी.

दुपारी दोघी भाटघरला गेल्या, मंगलच्या बहिणीकडे, बाळाबाईकडे. सणाचं भेटून येतो म्हणाल्या. एका दिवसासाठी पिशव्या जरा जड वाटल्या. बायकांचं असंच असतं.

१५ ऑक्टोबर, दसरा
मंगल एकटीच आली. वनिता मावशीकडे राहणार. भाटघरहून भोर हाकेच्या अंतरावर. नाव कालच घातलं, आज पहिला तास झालासुद्धा.

मी आवाज चढवला. मंगल म्हणाली, शब्द तुमीच दिला व्हता, साक्षीला मी व्हते. मी पूजेची रीत काढली. म्हणाली, पूजेला मशीन बसवलं व्हतं, पोरगी न्हाई.

यावर उत्तर होतं, पण तेवढ्यात रतनबाई आपट्याची पानं आणि फ्लॉपी घेऊन आल्या.

१६ ऑक्टोबर, बुधवार
पूजा उतरवली. कुंकू पुसलं. एंटरचं बटण दबेना. आत अक्षत अडकलेली. सुईने काढली. मग पहिलीपासून अकरावीपर्यंत सगळ्या फ्लॉप्या एका दमात गेल्या. वीजही गेली नाही. प्रोग्रॅम चालू झाला, रंगीत.

वनिता, बघ, म्हणून हाक मारली. मंगल चुलीपासून उठून दारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

घर खायला उठतं. पोरगी नजरेसमोर राहावी एवढंच मला हवं होतं. लॅपटॉपचं मला काय कौतुक.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
उद्याच्या गाडीने भोरला जाऊन फ्लॉप्या परत द्याव्यात म्हटलं. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं बरं नव्हे. त्या क्लासातच द्यायच्या, म्हणजे वनिताही दिसेल. मंगलने तिचा निरोप सांगितला, मंगळवारीच द्यायचा राहिला होता म्हणे. फ्लॉप्या नजीरभाईंना परत नकोत. आणि अण्णांना म्हणावं, दिवाळीपर्यंत क्लासात येऊ नका.

बरं, म्हणालो.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम आधी विद्यार्थ्याचं नाव विचारतो, दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग एका बोटाने माझंच लिहिलं, हनुमंत.