पंचेचाळीस अक्षांशावरची शाळा

९ सप्टेंबर १९२७, सोहोदेल

पोहोचलो एकदाचा. सेव्हेरिन स्टेशनावर मला घ्यायला गावचा मुख्य गवंडी ग्लिगोर आला होता, चुन्याच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी घेऊन. सात तास त्या पोत्यांवर बसलो आणि उतरलो तेव्हा गिरणीतून निघाल्यासारखा पांढराफटक होतो. वाटेत ग्लिगोरने माझ्या बोलण्याची यथेच्छ टिंगल केली. मोल्दोव्हाचा माणूस सकाळी 'नमस्कार' म्हणायला सुरुवात करतो आणि जेवणाच्या वेळेला तो शब्द पुरा होतो, म्हणे. मीही सोडलं नाही. इकडचा, ओल्तेनियाचा माणूस चर्चमध्येसुद्धा कांद्याच्या पातीची जुडी काखेत मारून जातो, असं आमच्या याश शहरात बोलतात, हे त्याला ऐकवलं. तो खो खो हसला आणि पिशवीतून खरंच एक जुडी काढून अर्धी मला दिली.

राहायची सोय दुमित्राना या विधवा बाईंकडे आहे. सारं गाव त्यांना काकू म्हणतं. मक्याचा गरम मामालिगा आणि मेंढीचं चीज समोर ठेवून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, मास्तर, मागे कोण कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी एकदा वाढलं. खोलीची खिडकी दक्षिणेला आहे. ओल्तेनियाच्या इतिहास-भूगोलाचं माझं पुस्तक इथेच पुरं होणार.

१३ सप्टेंबर

मुलं हुशार आहेत. उत्तरेला डोंगर, पूर्वेला ओल्त नदी, दक्षिणेला आणि पश्चिमेला डॅन्यूब, या ओल्तेनियाच्या सीमा एका दमात म्हणतात. शाळेची इमारत अजून व्हायची आहे, म्हणून वर्ग अक्रोडाखाली भरतो. बांधकामाची ओढ्याकडची भिंत या उन्हाळ्यात दोनदा कोसळली. मी जागा पाहिली. सगळा चुनखडक, खाली पाण्याने पोखरलेला. ओढासुद्धा गावाखाली जमिनीत शिरतो तो थेट दुसऱ्या खोऱ्यात निघतो. पाया दहा पावलं मागे घ्या, जमीन पोकळ आहे, असं ग्लिगोरला सांगितलं. त्याने टोपी मागे सारून ऐकून घेतलं आणि म्हणाला, पोकळ नाही मास्तर, उपाशी आहे. वाक्य आवडलं. पुस्तकाच्या टिपणांत घेतलं.

२३ सप्टेंबर

आजचा धडा फार रंगला. सोहोदेल बरोबर पंचेचाळीस अक्षांशावर आहे आणि आज दिवस-रात्र समान. म्हणजे भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीइतकीच पडते. मुलांना दाखवायला मी स्वतः उन्हात उभा राहिलो. वर्गातली पट्टी आखूड होती, म्हणून ग्लिगोरकडून ओळंब्याची दोरी मागून घेतली. एक टोक मी टाचेखाली दाबलं, दुसरं मुलांनी सावलीच्या डोक्यापर्यंत ताणलं आणि तिथे गाठ मारली. पट्टीने मोजून एक मीटर चौऱ्याहत्तर भरली. माझी उंची तेवढीच.

भिंतीवरच्या सगळ्या गवंड्यांनी काम थांबवलं होतं. टोप्या हातात घेऊन उभे होते. काकूंनी क्रूसाची खूण केली. ज्ञानाबद्दल इतका आदर मी याशमध्येही पाहिला नाही. दोरी ग्लिगोरला परत केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

२६ सप्टेंबर

ओढ्याकडची भिंत कमरेच्या वर गेली आणि हलत नाही. गावात सणासारखं वातावरण आहे. काकूंनी आज कोंबडी केली आणि लग्नातली गोधडी माझ्या अंथरुणावर घातली. ती राहू द्या म्हटलं तर म्हणाल्या, किती दिवस वापरणार आहात.

२ ऑक्टोबर

एक विचित्र गोष्ट. मुलांना दर रविवारी दुपारी सावली कशी लांबत जाते ते दाखवायचं, म्हणून एक मीटरची काठी रोवली आहे. तिची सावली आज एक मीटर तेरा सेंटिमीटर भरली, हिशेबाप्रमाणे बरोबर. मग माझी एक मीटर शहाण्णवच्या आसपास हवी. ती चौऱ्याहत्तरच आहे. तीनदा मोजली. मोजपट्टीही बदलून पाहिली.

९ ऑक्टोबर

काठीची एक मीटर चोवीस. माझी एक मीटर तीस.

जिने चढताना धाप लागते. पुस्तकासाठी जुन्या नोंदी पाहायला पाद्री नेस्तोरांकडे गेलो होतो. गावातल्या बांधकामांचा त्यांना मोठा अभिमान. पुरात साऱ्या खोऱ्याचं वाहून गेलं, सोहोदेलचा एक दगड हलला नाही, म्हणाले. मृत्यूंची वही उघडून दिली. दगडी पूल पुरा झाला ते वर्ष १८३४, आणि त्याच वर्षी एक सर्बियन फेरीवाला वारला. चर्चच्या वर्षी एक कल्हईवाला. पाणचक्कीच्या वर्षी जमीन मोजायला आलेला एक सरकारी माणूस. सगळे परगावचे, सगळे पाया भरल्यापासून चाळिसाव्या दिवशी गेलेले.

मी विचारलं तेव्हा पाद्र्यांनी हवामानाबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं. इमारतीच्या पायात जिवंत माणसाच्या सावलीचं माप घालतात. चाळीस दिवसांत तो माणूस जातो आणि मग त्या भिंतीची राखण करतो. गावातल्या कुणाचं माप घ्यायचं, मास्तर? इथे सगळे एकमेकांचे सोयरे. मग आठवण होऊन हसले. म्हणाले, आजवर माप चोरून घ्यावं लागायचं. तुम्ही पहिलेच, स्वतःहून दिलंत, वर मुलांकडून गाठही मारून घेतलीत.

मीही हसलो. घरी येईपर्यंत.

१२ ऑक्टोबर

सेव्हेरिनला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, कलेजी खा. त्यांच्याच अंगणात दुपारी सावली मोजली. एक मीटर पाच. म्हणजे गाव सोडून उपयोग नाही. दोरी इथे भिंतीच्या पायात आहे आणि मी जाईन तिथे कमी होत जाईन. परत आलो. पुलावर ग्लिगोर भेटला. जायचं तर जा की, कुणी बांधून ठेवलंय का, म्हणाला. दिवस तेवढेच राहतात, असंही तोच म्हणाला.

१६ ऑक्टोबर

आज माझं श्राद्ध झालं.

या भागात माणूस जिवंत असताना त्याच्या नावाचं जेवण घालण्याची रीत आहे, हे मला ठाऊक होतं. टिपणांत लिहिलंही आहे. काकूंच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. मला मधोमध बसवलं. समोर शिजवलेल्या गव्हाचा गोड ढीग, त्यावर साखरेचा क्रूस आणि माझं नाव, इओर्गू हास्नाश, अचूक अक्षरांत. मुलांनी लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, मागे रडायला कुणी नाही तुमचं, नंतर कोण करणार? म्हणून तुमच्या देखत करतोय, खा पोटभर. प्रत्येक बाई पाया पडून माझ्या हातून मेणबत्ती घेत होती. एकीने विचारलं, तिकडे तिचा नवरा भेटला तर त्याला सांगाल का, की गाय व्याली. दुसरी तिला म्हणाली, अगं, मास्तर शाळेतच राहणार, तिकडे कुठले जातायत.

सगळ्यांनी हसून घेतलं. वाईट कुणीच बोललं नाही.

मी सगळं खाल्लं. भूक लागली होती.

२० ऑक्टोबर

भिंत फोडायला गेलो. पहार उचलेना. ग्लिगोरने येऊन ती उचलून माझ्या हातात दिली. कुठे मारायची ती जागाही बोटाने दाखवली. मग म्हणाला, परवा घातलेलं छप्पर याच भिंतीवर टेकलंय, आणि आत तुमचीच पोरं बसलीत. आत मुलं नद्या म्हणत होती. ओल्त, जिऊ, मोत्रू.

पहार खाली ठेवली. तो म्हणाला, मला वाटलंच होतं, तुम्ही भले आहात.

काठी एक मीटर चव्वेचाळीस. मी साठ सेंटिमीटर.

२७ ऑक्टोबर

तीस. चमचा धरवत नाही — मुलांना आवाज ऐकू जात नाही.

ग्लिगोरला विचारलं, एका दोरीच्या जागी दुसरी ठेवता येते का. दुसऱ्या कुणाची. परक्या कुणाची.

बघू, म्हणाला.

आणि काकू सांगतात, गावाने नव्या शिक्षकासाठी अर्ज केला त्याला तीन आठवडे झाले.

३१ ऑक्टोबर

आली. फेव्रोनिया, बुकोव्हिनाची, वय बावीस. चुन्याच्या गाडीतून उतरताना हसत होती. माझ्या उशाशी बसून विचारलं, तुमचं पुस्तक मी पुरं करू का? अक्षर फार सुंदर आहे तुमचं. काकूंनी तिला विचारलं, मागे कोण कोण आहे. आई आहे, म्हणाली. काकू म्हणाल्या, असू दे.

१ नोव्हेंबर

केलं —

मला धरून अंगणात नेलं तिनेच. म्हटलं, सावलीवरून उंची काढायची पद्धत दाखवतो. नवी दोरी माझ्या खिशात होती. टोक तिने स्वतः टाचेखाली धरलं. किती सोपं आहे हो सर, म्हणाली. गाठ मी मारली. बोटं चालत नव्हती तरी मारली.

ग्लिगोरला दिली. आता माझी काढ, म्हटलं.

दोरी गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली त्याने. म्हणाला, बरं झालं, घंटाघराला एक लागणारच होती. उद्या दुपारी पाया भरतोय.

आणि माझी?

बघू म्हणालो होतो, मास्तर. बघितलं. नाही जमत.

२ नोव्हेंबर

सावली बुटाखाली गेली. दिसत नाही —

जिभेला शब्द येत नाही. लिहिता येतं अजून. फेव्रोनिया, ही वही तुझ्यासाठी — तुझं माप मी दिलंय, मी — दोरी अजून पायात गेलेली नाही. ग्लिगोरच्या कोटात, डावा खिसा. बाराच्या आत — ती जाळ, गाव सोड, आईकडे — दुपार व्हायच्या आत

खिडकीतून दिसते आहे. मुलांना रांगेत उभं करते आहे. ऊन आहे, तिची सावली केवढी लांब

काकू आल्या. पुरे आता, बोटं दुखतील, म्हणतात. वही मी देते तिला, म्हणतात. हात पुढे केलाय. चुलीचं झाकण का उघडं ठेव