धाकटी सर्किट शिकवते

३ जुलै
धाकट्या जावेला आमच्याच कॉलेजात नोकरी! विषयही माझाच — सर्किट्स. स्वयंपाकघर एक, आता फळाही वाटून घ्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, दोघी बरोबर जाल-याल." बरोबर!

८ जुलै
तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज. माझ्या वर्गात पंखा तेवढा ऐकू येतो.

११ जुलै
पोरं जिन्यात तिचीच नक्कल करत होती. "आयडियल व्होल्टेज सोर्स म्हणजे माझ्या सासूबाई — समोर कितीही लोड येवो, आवाज तोच! आणि प्रॅक्टिकल सोर्स म्हणजे मी. लोड वाढला की खचते."
अगं, आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज पडतं, हे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतेय. एक जण हसला नाही कधी!

१६ जुलै
चुकली! चुकली!
तिच्या वर्गावरून जात होते. फळ्यावर सुपरपोझिशन — एकेक सोर्स ठेवून बाकीचे बंद करायचे. हिने डिपेंडंट सोर्ससुद्धा बंद केला! त्याला स्वतःची मर्जी असते का? दुसरीकडचा करंट नाचवेल तसा तो नाचणार. त्याला हात लावायचा नसतो. उत्तर साफ चुकलं. पोरांनी मुकाट उतरवून घेतलं.
दारावर टकटक केली असती तर तिथंच मिटलं असतं. नाही केली. मनात उकळ्या फुटत होत्या.

१७ जुलै
विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. "मुलांचं नुकसान नको, सर, म्हणून आले." काय गोड आवाज काढला मी!
रात्री तिनेच वाढलं. "ताई, दमलात का हो?" अर्ध्या पानावरून उठले.

१८ जुलै
सरांनी तिला बोलावलं. बाहेर आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. मी हजेरीपटात डोकं खुपसलं. वाटलं होतं, जिवाला गार वाटेल. छे.

१९ जुलै
पोरं सांगत आली. तिने चुकलेलं गणित पुन्हा फळ्यावर मांडलं, स्वतःच खोडलं. म्हणाली, "चूक माझी. आमच्या ताईंनी पकडली म्हणून वाचलो. अडलं तर त्यांनाच विचारा."
चहाच्या वेळी सर म्हणाले, "तक्रार तुमची होती, हे मी तिला कालच सांगितलं."

२० जुलै
माझ्या तासाला शेवटच्या बाकावर धाकटी. वही उघडून.
"बसू ना, ताई?"
खडू हातात. फळ्याकडे वळले आणि लिहिलं — डिपेंडंट सोर्स.