न खरखरणारी डबी आणि आपली ट्राम

वडीलबंधू वग्दीदादा यांस,

अलेक्झांड्रियाहून धाकट्या हिल्मीचा मानाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींनी तुझं मीठ बंद केलंय असं ऐकलं, म्हणजे स्वभाव आणखी अळणी झाला असणार. आम्ही अल्लाच्या कृपेने मजेत.

आता मुद्दा. रमजानपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. का, तर बाबांच्या जुन्या संगणकातला फ्लॉपी ड्राइव्ह काढून मी तिथे फ्लॉपीचं सोंग घेणारी डबी बसवली. (तिच्यात पेनड्राइव्ह खोचायचा, म्हातारा संगणक बिचारा फ्लॉपीच समजून वाचतो.) तू याला खून म्हणालास. खून? तुझा तो लाडका ड्राइव्ह समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून फ्लॉप्या खरवडत होता! आपण दोघांनी केलेला ट्रामचा खेळ ज्या शेवटच्या फ्लॉपीवर होता, ती जुन्या संगणकांच्या क्लबातल्या मित्रांनी त्याच्या तोंडातून काढून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. मी केलं ते बरोबर केलं आणि पुन्हा करीन.

थोडी फजिती झाली, ती नाहेदने तिच्या जाऊबाईंना, म्हणजे वहिनींना, सांगण्याआधी मीच सांगतो. संगणक चालू केला, तर आवाजच नाही. आपण त्या खरखरीवर वाढलेली माणसं. खरखर नाही म्हणजे बिघडलं, हे मी धरूनच चाललो. पेनड्राइव्ह उपसला, फुंकला, परत खोचला. डबीला चापट मारली (बाबा मारायचे तशी, डाव्या अंगाला). दुकानदाराशी भांडून डबी बदलून आणली, तीही मुकी. शेवटी नाहेद चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, आवाज नाही म्हणजे बिघडलंच असं कुठंय? तुमचे दादा बोलत नाहीत, म्हणून त्यांना बदलून आणलंत का?" तेव्हा कुठे मी हात आवरला, आणि चहा संपतोय तोवर पडद्यावर आपली ट्राम आली! मी रडलो, दादा. सांगायला लाज कसली.

तरी सुनंसुनं वाटतं म्हणून डबीला खरखरणारा छोटा भोंगा जोडलाय. शेजारी तक्रार करतात. करू देत.

तुझा, अजिबात न नमणारा,
हिल्मी

ता. क. जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला दिलेला नाही. बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून ईदच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय.

आणखी एक ता. क. ट्राम येते, पण सुटत नाही. मी तुझ्याशिवाय खेळू नये म्हणून तू लहानपणी घातलेला परवलीचा शब्द मागते. गल्लीतल्या सगळ्या मुलींची नावं घालून पाहिली (वहिनींना हे वाचून दाखवू नकोस). फोनवर सांगितलास तर मी ऐकणार नाही. ये आणि स्वतः टाइप कर. डबी काढणार नाही. तुझी खुर्ची तेवढी पुसून ठेवलीय.