दोन शपथांचे आनंदराव

प्रिय स्वरूप,

वकीलसाहेब लिहिणार होतो, पण मार्गासनीच्या शाळेत माझ्या डब्यातली भाकरी खाणाऱ्याला साहेब म्हणायला हात वळत न्हाई.

तुझा निरोप पोचला. "अमृत, शिवानीला समजाव, सही करून मोकळी हो म्हणावं." माझी सख्खी बहीण ती. तिच्या नवऱ्यानं, धनाजीनं, तिला माहेरी धाडलं आणि मागं दुसरी घरात आणली. शिवानीनं दावा लावला, तर त्याचा वकील म्हणून तू भोरच्या कोर्टात सांगितलंस, दुसरं लग्न व्हायच्या आधीच पंचांपुढं काडीमोड झाली होती, आमच्या जातीत तशी जुनी रूढी आहे आणि कायदाही रूढी मानतो. काडी कुणी, कधी मोडली, शिवानीला पत्ता न्हाई. एका दुपारीत तिचं बायकोपण गेलं. बाहेर येऊन तू हसलास, "धंदा आहे रे!" ती शेजारीच उभी होती.

माझ्या तर पायाला चक्रच. परवा विंझरला टेम्पोत तांदूळ भरायला गेलो आणि मढे घाटाचं धुकं बघायला पुढं निघून गेलो. मालक अजून शिव्या घालतोय. तिथं ढग असा पायाखालनं जातो की... असू दे. परत येताना रस्त्यात एक म्हातारबा हात करत होते, बसवलं. तुझे साक्षीदार आनंदराव! मी कोण ते त्यांना ठाऊक न्हाई. तंबाखू मळत म्हणाले, "काडीमोड व्हती का न्हवती, ते वकील सांगतील तसं. मागं सावळारामच्या खटल्यात म्या न्हवती म्हणालो, औंदा व्हती!"

सावळारामचा वकीलही तूच. त्याच्या विधवा भावजयीला वाटा मिळू नये म्हणून तू सिद्ध केलंस, आमच्यात काडीमोडीची रूढीच न्हाई. म्हणजे तिचा पहिला नवरा सुटलाच न्हाई, सावळारामच्या भावाशी लागलेलं दुसरं लग्न खोटं. जात तीच, साक्षीदार तोच, शपथही तीच. मी शाळा अर्ध्यात सोडली, तरी एवढं वाचता येतं. त्या साक्षीची नक्कल काढून शिवानीच्या वकील सौदामिनीबाईंना दिली. बाई दोनदा वाचून म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत तोंड बंद ठेव."

म्हणून हे पत्र टपालात टाकणार न्हाई. मंगळवारी आनंदराव शपथ घेऊन पिंजऱ्यात उभे राहिले, की मीच ते तुझ्या हातात देणार. तू ही ओळ वाचतोयस तेव्हा बाई उलटतपासाला उठल्या असतील. आता मान वर कर. पहिल्या बाकावर शिवानी बसलीय. तुझं तोंड कसं होतं ते तिला बघायचंय.

तुझाच एका डब्यातला,
अमृत