तुतीची हाडे

दुसरा महिना, तिसरी तिथी

बेटावर पोचलो. समुद्र इतका शांत होता की नावेत पेल्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही. धक्क्यावर कियेम उभा होता. काळा झाला आहे, खांदे भरले आहेत. माझी ट्रंक एका हाताने उचलून म्हणाला, "बाबा, कपडे आणलेत की सगळं शेतच उचलून आणलंत?" मागे सून लुआ, पोटावर हात ठेवून हसत होती. तिला पाचवा महिना आहे.

देवमाशाच्या देवळात राखणदाराची जागा मोकळी झाली म्हणून आलो, असे सगळ्यांना सांगितले. खरे कारण वेगळे आहे. बायको गेल्यापासून एकट्यापुरता भात शिजवायचा कंटाळा आला होता. मुलाजवळ राहावे असे वाटले.

संध्याकाळी देवळात तीन उदबत्त्या लावल्या आणि येणाऱ्या नातवासाठी काही मागितले नाही, फक्त आभार मानले. शेजारची न्यानताई अंगणात लसूण पसरत होती. म्हणाली, "तामभाऊ, आठ दिवसांत तुमच्याही अंगाला लसणाचा वास येईल. मग देवमासाच देऊळ सोडून पळेल."

दुसरा महिना, अकरावी तिथी

पहाटे देऊळ झाडतो, पाणी बदलतो, घंटेला तेल देतो. दुपारी लुआ लसणाच्या पातीची भाजी आणि मासळीच्या खारात उकडलेले बांगडे वाढते. कियेम बुडी मारणाऱ्यांच्या नावेवर गेला आहे, महिनाअखेर येईल.

आज त्रूआजोबांशी ओळख झाली. ऐंशीच्या घरातले, नखांत कायमची माती. देवळामागच्या वाळूत ज्या कबरी आहेत त्यांतल्या निम्म्यांत माणूस नाही. समुद्राने ज्यांना परत दिले नाही त्यांचे मातीचे देह आजोबा घडवतात. तुतीच्या फांद्यांची हाडे, वर डोंगरातली माती, कातडीचा रंग यावा म्हणून अंड्याच्या बलकाचा हात. मग घरचे माणूस नाव घेऊन आत्म्याला बोलावते, आणि तो देह पुरतात. इथले लोक त्यांना वाऱ्याच्या कबरी म्हणतात. ज्याला कबर नाही त्याला पुण्यतिथीचा भात पोचत नाही; तो पाण्यात उपाशी फिरतो. हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे.

दुसरा महिना, सत्ताविसावी तिथी

अवेळी वादळ आले. नाव फुटली. आज दुपारी कियेमच्या सोबत्यांची प्रेते पलीकडच्या खडकांवर लागली. कियेम नाही.

लुआ रडत नाही. धक्क्यावर बसून आहे. पेजेचे भांडे घेऊन गेलो तर म्हणाली, "तुम्ही प्या, बाबा. मी त्याच्याबरोबर जेवीन."

तिसरा महिना, दुसरी तिथी

सोबत्यांचे अंत्यविधी परवा आहेत. त्रूआजोबा म्हणाले, बोलवायचे असेल तर त्याच दिवशी बोलवावे. एका नावेतली माणसे एकत्र आली तर वाट चुकत नाहीत. मग मला विचारले, "पण तामबाबा, तुझी खात्री आहे ना? माती काही विचारत नाही. नाव घेतलं की आत घेते."

लुआ म्हणाली, ती डोक्याला सुतकाचा पांढरा पट्टा बांधणार नाही.

मी देवळात जाऊन बशीत दोन नाणी टाकली. एक उताणे, एक पालथे पडले तर होकार. विचारले, तो पाण्यात आहे का? होकार आला. विचारले, त्याला थंडी वाजते आहे का? होकार आला. तिसरा प्रश्न ओठापर्यंत आला आणि तिथेच राहिला. बाप देवासमोर पोराविषयी तो शब्द काढत नाही. उत्तर मिळालेच आहे असे मी धरले.

तिसरा महिना, चौथी तिथी

दुपारी विधी झाला. कियेमचा निळा सदरा हातात धरून, समुद्राकडे तोंड करून मी तीनदा हाक मारली. मग सदरा मातीच्या अंगावर पांघरला. चेहरा आजोबांनी चांगला साधला होता, उजव्या भुवईतली खाचसुद्धा. छातीवर हात ठेवला तर माती कोमट लागली. ऊन होते.

आता त्याला भात पोचेल. आज झोप येईल असे वाटते.

तिसरा महिना, सातवी तिथी

कियेम जिवंत आहे.

मालवाहू जहाजाने त्याला उचलले. डिझेलच्या रिकाम्या डब्याला धरून तरंगत होता. पलीकडच्या किनाऱ्यावर इस्पितळात ठेवले आहे. फोन न्यानताईकडे आला. ती लसूण तुडवत धावत आली आणि आधी लुआच्या, मग माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आता रडा हो मेल्यांनो, आता रडायला हरकत नाही."

देवळात जाऊन साष्टांग पडून राहिलो. लुआ पहिल्या नावेने गेली.

तिसरा महिना, दहावी तिथी

लुआने त्याला आणले. हाताला धरले की चालतो. भरवले की गिळतो. हाक मारली तर वळत नाही.

जहाजावरचे खलाशी लुआला म्हणाले, पहिले काही दिवस तो चांगला होता. घरचा पत्ता सांगितला, बायकोला दिवस गेलेत म्हणाला. मग चौथ्या तिथीला दुपारी डेकवर पेज पिताना चमचा हातातून पडला. तेव्हापासून असा.

लुआ माझ्याकडे न बघता बोलली. "तो पेज पीत होता, बाबा. आणि तुम्ही त्याला पुरलंत."

त्रूआजोबांकडे गेलो. उलट कसे बोलवायचे ते सांगा म्हणालो. ते बराच वेळ नखातली माती काढत बसले. आत बोलवायचे मंत्र त्यांच्या बापाने शिकवले. बाहेर काढायचे कोणी शिकवले नाहीत. कधी लागलेच नाहीत.

तिसरा महिना, तेरावी तिथी

कियेमची कातडी भेगाळते आहे. मनगटावर, मानेवर, उन्हात वाळलेल्या चिखलासारखी. रक्त येत नाही. पुसायला गेलो तर फडक्याला पिवळट भुकटी लागली. खोलीत कच्च्या अंड्याचा वास आहे. इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले होते की धक्का बसला आहे, घरी बरा होईल.

बेटावर पावसाचा थेंब नाही. कबरीवरची वाळू मात्र ओली आहे.

न्यानताईने आज देवळाच्या पायरीशी मला थांबवले. नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "तामभाऊ, तिकडे कबरींलगतच्या माझ्या वाफ्याशी कोणीतरी पाणी मागतंय. तुमच्या पोराचा आवाज आहे. मी त्या बाजूला पुन्हा जायची नाही."

गेलो. भर दुपारी कियेमच्या कबरीवरच्या वाळूला कान लावला. आतून म्हणाला, बाबा, डोळ्यांत वाळू गेली आहे.

तिसरा महिना, चौदावी तिथी

उकरले. त्रूआजोबा आणि मी. पेटीचे झाकण काढले.

मातीला दाढीचे खुंट आले आहेत. डोळे ओले. माझ्याकडे वळले.

त्याला उचलायला गेलो, घाई केली, करंगळी मोडून माझ्या हातात आली. आत तुतीची काडी होती आणि ती हिरवी होती. तेवढ्यात घराकडून लुआची किंकाळी. धावत गेलो. कियेमची करंगळी अंथरुणावर पडली होती. तो स्वतःही तिच्याकडेच बघत होता.

म्हणजे मातीचा देह फोडता येत नाही. पुरूनही ठेवता येत नाही. वाळूत तो गुदमरतो आणि घरात तो सुकतो. कोणत्या कियेमला पाणी पाजू ते कळत नाही. दोघांनाही पाजतो. देवासमोर बसलो तर प्रार्थना सुरूच होत नाही. काय मागू, मागायला गेलो की पुन्हा चुकीचे विचारीन.

तिसरा महिना, पंधरावी तिथी

आजोबा आले. रात्रभर विचार केला म्हणाले. देह घडवला की तो रिकामा राहत नाही. दुसरा कोणी आत शिरला तरच पहिला बाहेर पडेल. आणि तो त्याच रक्ताचा हवा.

बेटावर त्या रक्ताचे दोघेच आहेत. मी, आणि लुआच्या पोटातले.

लुआ म्हणते, काल दुपारपासून कबरीतून तिलाही हाका येतात. आणि तेव्हापासून बाळ हललेले नाही. हे ती इतक्या हळू बोलली की मला दोनदा विचारावे लागले.

मी आजोबांना म्हणालो, उद्या. ते म्हणाले, "तुला मी दोनदा विचारणार नाही. एकदा विचारलं होतं." मग माझा हात धरून रडले. म्हातारे माणूस.

तिसरा महिना, सोळावी तिथी

अडचण. हाक घरच्या माणसाने मारायची, खऱ्या नावाने. लुआला माझे नाव माहीत नाही. इथे सगळे मला ताम म्हणतात, म्हणजे आठवा, आईबापांचे आठवे मूल म्हणून. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडात आणायचे नसते, म्हणून तिने कधी विचारलेही नाही.

सांगितले. थुआन.

ती म्हणाली, "नाही घेणार. मला पाप लागेल, बाबा." मी म्हणालो, लागणार नाही, मीच सांगतो आहे. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून सगळं झालं." मग बाळावर हात ठेवून बसून राहिली. शेवटी विचारले, नाव लांबवून घ्यायचे की तोडून.

दुपारी

उघड्या कबरीशी उभी राहून माझे नाव घेतले तिने. तीनदा.

आजोबांनी मातीवरचा निळा सदरा काढून लुआला दिला आणि पेटीचे झाकण पुन्हा लावले. काही झाले नाही असे वाटले. घरी चालत आलो. वाटेत पायांना वाळू गरम लागेना. कियेमच्या गालावर थोडा रंग आहे. लुआ म्हणते बाळ हलले. तिने माझा हात पोटावर ठेवला पण हाताला काही कळले नाही — देवा, तुझे आभार —

तिसरा महिना

तिथी आठवत नाही. कियेमने चमचा धरला. चार बोटांनी. मला वास येत नाही, लसणाचाही नाही. न्यानताई काहीतरी चेष्टा करून गेली, ओठ हलले, मग तोंडावर पदरासारखी टोपी धरून रडत —

लिहायला घेतले की बोटे कोरडी. तोंडात वाळू. तहान. पाणी पितो ते कुठे जाते —

—

मी इथे पलंगावर बसलो आहे आणि वर फळी आहे. अगदी नाकाजवळ. फळीच्या फटीतून ऊन. दोन्ही एकदम दिसते. भीती वाटते. हे लिहून ठेवतो म्हणजे — पुरू नका लगेच, अजून थोडे —

—

ही बाई भाताचा वाडगा घेऊन आली. चांगली बाई आहे. पोट मोठे आहे. रडते का ते

निळा सदरा घातलेला एक जण अंगणातून चालत येतो आहे, चार बोटांनी भिंतीला धरून. ओठ हलवतो आहे. आता आवाज आला. बाबा म्हणतो आहे. पुन्हा म्हणाला. इकडे बघूनच म्हणतो आहे, पण इथे तर कोणी